ट्रॅव्हिसचा हात आणि माझे पंचावन्न

चांगल्या मालाला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, ही सवय मला वडिलांकडून लागली. ते सांगलीला हळदीच्या बाजारात दलाल होते. त्या काळी सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने रुमालाखाली एकमेकांचे हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि वर दोघांचे चेहरे कोरे. वडील हळदीचं कांड मोडून आतला रंग बघायचे. रंग कितीही आवडला तरी ते कांड पोत्यात परत टाकून हात झटकायचे, जणू हाताला मातीच लागली. समोरचा शेतकरी गोंधळून आपल्याच पोत्याकडे पुन्हा बघायचा.

हा गुण घेऊन मी शिकागोला आलो. याच गुणावर बावीस वर्षं बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबात नोकरी केली. आणि याच गुणाने एका मुलाचं जे केलं ते मी इथे लिहिणार आहे. क्लबाविषयी माझी तक्रार आहे आणि ती केल्याशिवाय मी राहणार नाही, पण तिचा नंबर दुसरा.

माझं काम स्काऊटचं. गावोगावी शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर जायचं, लोखंडी बाकावर बसायचं, मुलं खेळताना बघायची आणि ठरवायचं की यातला कोण पाच-सहा वर्षांनी टीव्हीवर दिसेल. बहुतेक कोणीच दिसत नाही. आमच्या पिढीतली इथे आलेली मराठी माणसं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी दोन्ही नाही. बहिणीने बोलावलं म्हणून आलो आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानात भाजी खरेदीला लागलो. तिथे अर्ल नावाचा एक म्हातारा स्काऊट आलं घ्यायला यायचा. रविवारी आम्ही पार्कात क्रिकेट खेळायचो त्याच्या शेजारीच बेसबॉलचं मैदान होतं. एकदा मी अर्लला म्हटलं, "तो उंच मुलगा आहे ना, तो महिन्याभरात जायबंदी होणार. चेंडू सोडायच्या आधीच त्याचा पुढचा पाय उघडतोय, सगळा भार खांद्यावर येतोय." तीन आठवड्यांनी तो मुलगा जायबंदी झाला. अर्लने मला त्याच्या साहेबांकडे नेलं. पुढे मी दुसऱ्या क्लबात गेलो, पण धंद्यात मला आणलं ते अर्लने.

आमच्याकडे मार्क द्यायची एक पद्धत आहे. प्रत्येक गुणाला वीस ते ऐंशी. पन्नास म्हणजे मोठ्या संघात चालेल असा मध्यम. साठ म्हणजे चांगला. सत्तर म्हणजे लोक तिकीट काढून बघायला येतील. ऐंशी आयुष्यात दोनदा दिसतो म्हणतात. मी बावीस वर्षांत कोणालाही साठाच्या वर दिले नाहीत. लोक मला कंजूष म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

फसवणारे पुष्कळ भेटले. इंडियानात एका बापाने मुलाला बघायला बोलावलं. मुलगा चेंडू टाकत होता, बाप वेग मोजायचं यंत्र माझ्या नाकासमोर धरून उभा. आकडे भलतेच चांगले. माझ्याबरोबर आलेले दोघे स्काऊट लगेच वहीत लिहायला लागले. बाजारात माल बघण्याआधी काटा तपासायचा असतो. मी उठलो आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, उंचवट्यापासून बॅटरच्या जागेपर्यंत पावलं टाकत गेलो. माझी चोवीस पावलं भरायला हवी होती. बाविसाव्या पावलालाच बॅटरसमोरची प्लेट आली. बापाने परसातला उंचवटा रातोरात पुढे सरकवला होता.

"गवत वाढलं की अंतर कमी वाटतं," तो म्हणाला.

"मग गवत कापा, मी पुढच्या वर्षी येतो," मी म्हणालो. त्या दोघांनी वह्या मिटल्या. ही गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की डेव्हनवर मला बघितलं की लोक पावलं मोजायची खूण करतात.

ट्रॅव्हिस मला त्याच राज्यात भेटला. एका छोट्या कॉलेजचा पिचर, हाडकुळा, कान मोठे. त्याचा एक चेंडू असा होता की तो हातातून सुटताना वेगवान दिसायचा, बॅटर बॅट फिरवायचा, आणि चेंडू निवांतपणे मागून यायचा. त्यासाठी मनगट, कोपर आणि खांदा तिन्ही दरवेळी तंतोतंत तसेच फिरावे लागतात. जरा फरक पडला की बॅटरला कळतं. ट्रॅव्हिसचा हात दरवेळी कानाच्या वर त्याच जागी यायचा. मी दीड तास बघत बसलो आणि चहाचा थर्मास उघडायला विसरलो. गाडीत बसून रिपोर्ट लिहिला. हाताच्या हालचालीला मार्क: पंचावन्न.

क्लबाने त्याला घेतलं. करारावर सह्या घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई डार्लीन शाळेची बस चालवते. वडील नाहीत. मी घासाघीस करायच्या तयारीने गेलो होतो, पण बाईंनी रकमेचा विषयच काढला नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या बसमध्ये प्रत्येक मुलाला सीट असते. कोणाला उभं राहायला लागत नाही. तुमच्याकडे याला सीट आहे का?"

"मिळेल," मी म्हटलं.

"कोण देणार?"

"मी मिळवून देईन."

असं वचन स्काऊटने द्यायचं नसतं. देणारे आम्ही नव्हेच. पण मी दिलं.

पुढची चार वर्षं ट्रॅव्हिस खालच्या संघांत एकेक पायरी चढत गेला. छोट्या गावांची मैदानं, बसचे बारा-बारा तासांचे प्रवास. महिन्यातून एकदा त्याचा फोन यायचा. दत्ताचं त्याने डी केलं होतं. "मिस्टर डी, कसा वाटलो?" मी म्हणायचो, "ठीक." तो हसायचा. त्याला वाटायचं माझा ठीक म्हणजे ठीकच. मला वाटायचं त्याला कळतंय.

आता डेव्हनवरच्या टेबलाविषयी सांगतो. नलूमावशींचं फराळाचं दुकान आहे. तिथे रविवारी सकाळी मागच्या टेबलावर आम्ही बसतो. डॉक्टर मोकाशी, जुने भूलतज्ज्ञ, आता रिटायर्ड, पन्नास वर्षांपासून या क्लबाचे भक्त. आणि प्रसाद, नागपूरचा, आयटीतला, वय चाळिशीच्या आत. तो फॅन लोकांच्या एका वेबसाइटवर लिहितो आणि त्याच्या लॅपटॉपमध्ये क्लबाच्या सगळ्या खेळाडूंचं एक्सेल आहे. नोव्हेंबर आला की या दोघांचं भांडण ठरलेलं: चाळिसांत कोण राहणार.

"तीन कॅचर कशाला पाहिजेत, डॉक्टर? एकाला कट करा ना यार," प्रसाद म्हणायचा.

"आणि दोघंही एकाच आठवड्यात पडले तर तू ग्लव्ह घालून बॅटरच्या मागे बसणार का?"

"बसतो. माझा गुडघा त्या तिसऱ्यापेक्षा बरा आहे."

एकदा नलूमावशींनी परात पुसता पुसता विचारलं, "चाळीसच का? आणि बाहेर राहिला तर काय होतं? सुतक असल्यासारखी तोंडं करून बसता म्हणून विचारते."

मी त्यांना त्यांच्याच काउंटरवर समजावलं. "हे बघा मावशी. काचेच्या आत चाळीस ताटं मावतात. ती तुमची, त्यांना कोणी हात लावायचा नाही. पण आत मुदपाकखान्यात आणखी शंभर जिन्नस तयार होतायत. एखादा जिन्नस चार-पाच वर्षं आत ठेवला की नियम म्हणतो, एकतर काचेत ठेवा, नाहीतर काउंटरवर उघडा ठेवा. उघडा ठेवला की डिसेंबरात बाकीचे दुकानदार ओळीने येतात. ज्याला आवडेल त्याने उचलावा."

"फुकट?"

"जवळजवळ. पण अट आहे. उचलणाऱ्याने तो लगेच आपल्या पानात वाढायचा. म्हणजे सरळ मोठ्या संघात, सव्वीस जणांत, पूर्ण सीझन. डब्यात भरून ठेवता येत नाही. वाढायचा नसेल तर परत करायचा."

मावशींनी विचार केला. "म्हणजे उघडा राहिलेल्याचं नशीबही निघू शकतं."

आम्ही तिघं बेसबॉलमध्ये मुरलेले. हे वाक्य मावशींनी सहज म्हटलं आणि आम्ही कोणी ऐकलं नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात क्लबाच्या ऑफिसात बैठक झाली. एकोणचाळीस नावं पक्की. एक जागा उरली होती आणि दोन मुलं: एक एकवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या रिंगणातला चपळ फील्डर, आणि आमचा ट्रॅव्हिस. साहेब होता ब्रायन. माझ्या मुलाच्या वयाचा, चांगल्या कॉलेजातला, मैदानापेक्षा पडद्यावर जास्त बघणारा. त्याने दोन रिपोर्ट समोर ठेवले.

"शॉर्टस्टॉपला त्याच्या स्काऊटने पासष्ट दिलेत. तुम्ही ट्रॅव्हिसला पंचावन्न."

"त्या माणसाने आयुष्यात साठाच्या खाली कोणाला दिलेलं नाही," मी म्हणालो. "तो स्वतःच्या कुत्र्यालाही साठ देईल. माझा पंचावन्न म्हणजे दुसऱ्या कोणाचाही सत्तर."

"मग सत्तर का नाही लिहिलं?"

मी ओरडलो. टेबलावर हात आपटला, कोणाचा तरी कॉफीचा कप सांडला. बावीस वर्षं तुमच्यासाठी बाकांवर बसून कंबर मोडली, माझे आकडे कसे वाचायचे हे तुम्हाला अजून कळत नाही, असं बरंच बोललो. ब्रायनने कागद उचलून कॉफीपासून बाजूला केले आणि शांतपणे म्हणाला, "काळजी करू नका. उघडा ठेवला तरी त्याला कोणी उचलणार नाही."

शॉर्टस्टॉप आत गेला. ट्रॅव्हिस काउंटरवर.

ही माझी तक्रार. चार वर्षं ज्या मुलाने एकदाही तक्रार केली नाही, त्याला एका आकड्यावर बाहेर ठेवलं. तो आकडा मीच लिहिला होता हे खरं. पण मला विचारायला काय हरकत होती, म्हणून मी अजून धुमसतो.

गाडी चालवत घरी येताना माझं डोकं बाजारातल्यासारखं चालायला लागलं. आता ट्रॅव्हिसला डिसेंबरात कोणी उचलू नये, मग पुढच्या वर्षी मी त्याला काचेत नेऊन दाखवतो. आपला माल दुसऱ्याने घेऊ नये असं वाटत असेल तर काय करायचं, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. त्याच्यावर रुमाल टाकायचा.

रविवारी टेबलावर प्रसादने यादी उघडली. "काका, ट्रॅव्हिसला बाहेर ठेवलं? क्रेझी आहेत का हे लोक? पहिल्या पाचात उचलतील त्याला."

"हे चूक आहे," डॉक्टर म्हणाले. "दत्तोबा, तुम्ही काही बोलला नाहीत तिथे?"

मी चहाचा घोट घेतला. "बोलण्यासारखं काही नव्हतं. त्याचं कोपर गेलंय."

प्रसादने लॅपटॉप अर्धा मिटला.

"सप्टेंबरात मी शेवटचे चार सामने बघितले," मी म्हणालो. "हात कानाच्या वर येत नाही. खाली येतो. पोरगं लपवतंय."

यातला एक शब्दही खरा नव्हता. सप्टेंबरात तो आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "कोपर कुठे दुखतं? आतल्या बाजूला की बाहेरच्या?"

"आतल्या."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

"बघून कळतं."

डॉक्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. प्रसाद म्हणाला, "काका, मी हे लिहू का? नाव नाही टाकत."

मी मान वर केली नाही. कपात बघितलं. रुमालाखाली बोट दाबायची ही दुसरी पद्धत. प्रसादने लिहिलं: त्या मुलाला जवळून बघणाऱ्याकडून समजतं की कोपर दुखावलं आहे. फॅन लोकांची ती वेबसाइट क्लबांची माणसंही वाचतात, नाही म्हणतात पण वाचतात.

चार दिवसांनी अर्लचा फोन आला. तो अजून काम करत होता, दुसऱ्या क्लबासाठी.

"तुझ्या पोराविषयी वाचलं. दुसऱ्या क्लबातल्या मुलाचे वैद्यकीय कागद आम्हाला मिळत नाहीत, तुला माहीत आहे. खरं आहे का?"

मी खोटं बोललो नाही. मी फक्त एक उसासा सोडला. चांगला लांब.

"समजलं," अर्ल म्हणाला. "वाईट झालं."

डिसेंबरच्या त्या दुपारी दुकानात प्रसाद लॅपटॉप उघडून बसला होता. मागच्या सीझनला सगळ्यात खाली राहिलेल्या क्लबाने आधी उचलायचं, मग त्याच्या वरच्याने, अशी रांग. एकेक नाव येत होतं. अर्लच्या क्लबाचा नंबर तिसरा. त्यांनी कुठला तरी डावखुरा घेतला. पाचवा, आठवा, बारावा. मग एकेक क्लब 'नको' म्हणायला लागला. यादी संपली. ट्रॅव्हिस आमच्याकडेच.

मी सगळ्यांना चहा सांगितला. नलूमावशी म्हणाल्या, "दत्ताभाऊ चहा पाजतायत. डॉक्टर, यांना एकदा तपासा."

कोट घालून मी बाहेर फुटपाथवर आलो तोच अर्लचा फोन.

"तुला सांगावंसं वाटलं. आमच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. डावखुरा दुसरा होता. आठव्या इनिंगला चेंडू टाकणारा आमचा माणूस रिटायर झालाय, ती जागा मॅनेजरने ट्रॅव्हिससाठी धरली होती. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, काही झालं तरी. स्टेडियमवर त्याचं लॉकरही ठरलं होतं. शेवटच्या दिवशी आमच्या डॉक्टरने कोपराचं वाचून नाव काढायला लावलं. मी म्हटलं, थांबा, दत्ताला विचारतो, तो कधी माल फुगवत नाही. विचारलं. चार वर्षं खाली राहून असं होणं वाईट. पोराला माझा नमस्कार सांग."

समोर सिटी बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने विचारलं, येताय का. मी मान हलवली का नाही आठवत नाही. दार बंद झालं, बस गेली. पुढची आली. तिच्याही ड्रायव्हरने विचारलं. फोन माझ्या कानालाच होता आणि अर्लने कधीच ठेवला होता. नलूमावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "दत्ताभाऊ, टोपी तरी घाला." मला थंडी कळत नव्हती. मला एकच गोष्ट कळत होती: डार्लीनबाईंना कबूल केलेली सीट आली होती, तिच्यावर मुलाचं नाव होतं, आणि ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

संध्याकाळी ट्रॅव्हिसने फोन केला. "मिस्टर डी, कोणीच नाही घेतलं?"

"नाही. बरंच झालं. तू आमचाच."

तो म्हणाला, "मी ते कोपराचं वाचलं. माझा हात खाली येतो का?"

"फॅन लोक काहीही लिहितात."

"जवळून बघणाऱ्याने सांगितलं असं लिहिलंय."

"वेड्यासारखं काय विचारतोस? जा, जेव."

तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मार्चमध्ये ॲरिझोनातल्या सरावात सगळं दाखवून देऊ असं मनाशी म्हटलं.

मार्चमध्ये मी जाळीमागे उभा राहून त्याला बघितलं. पहिल्याच चेंडूला हात कानाच्या वर आला नाही. खाली आला. पुढच्या चेंडूलाही. टाकून झालं की तो डाव्या हाताने कोपराची आतली बाजू चाचपत होता. मी डेव्हनवर चहाच्या कपात बघून जे वर्णन केलं होतं, ते हुबेहूब माझ्यासमोर चाललं होतं. त्याने तीन महिने कोपर जपत सराव केला होता. जपण्यासारखं काही नव्हतंच. क्लबाच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, तो स्वच्छ निघाला. ट्रॅव्हिसचा त्यावर विश्वास बसेना. फोटोत न दिसणारं काहीतरी जवळून बघणाऱ्याला दिसलंय, असं त्याने धरलं होतं.

महिन्याच्या शेवटी ब्रायनने मला बोलावलं. पडद्यावर ट्रॅव्हिसचा हात होता, मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा, शेजारी शेजारी. "खाली आलाय. आम्ही त्याला सोडतोय. खालच्या संघातही जागा नाही." मग म्हणाला, "हे फॅन लोकांना नोव्हेंबरात कळलं. तुम्हाला कसं नाही कळलं?"

मी आयुष्यभर भांडलो. भाजीवाल्यांशी, मुलांच्या बापांशी, साहेबांशी. त्या खोलीतून मी टोपी उचलून बाहेर आलो. त्या उन्हाळ्यात क्लबाने माझाही करार वाढवला नाही. आता कॅमेरे आहेत, म्हणाले. एक पाटी दिली, लाकडी, माझं नाव चुकीचं कोरलेलं. ती मी परत केली नाही, कारण परत केली असती तर त्यांनी दुरुस्त करून पाठवली असती.

पण त्याआधी, मेमध्ये, मी इंडियानाला गेलो. तिकडे जायचा धीर करायला मला सहा आठवडे लागले. फोनवर सांगणं सोपं होतं म्हणून तो केला नाही.

शाळेमागच्या आवारात पिवळ्या बस ओळीने उभ्या होत्या. डार्लीनबाई दुपारची फेरी संपवून आल्या होत्या. मला बघून त्यांनी बसचं दार उघडलं. मी पहिल्या सीटवर बसलो आणि सगळं सांगितलं. कोपर, चहाचा कप, उसासा, अर्लची जागा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्या उठल्या आणि बसच्या मागच्या टोकाकडे चालायला लागल्या. प्रत्येक सीटशी थांबायच्या, वाकून सीटवर बघायच्या, सीटखाली बघायच्या. डावीकडे, उजवीकडे. अगदी शेवटी जाऊन त्यांनी एक बटण दाबलं.

परत आल्या. "फेरी संपली की हे करायचंच," त्या म्हणाल्या. "एखादं मूल झोपून मागे राहिलेलं असतं. बटण मुद्दाम मागे लावलंय, म्हणजे चालत जावंच लागतं." मग दार उघडून उभ्या राहिल्या. "तो जिमच्या मागे आहे. मुलांना शिकवतो. त्याला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

ट्रॅव्हिस एकटाच होता, जाळीतून चेंडू गोळा करून बादलीत टाकत होता. मी उभ्यानेच सांगितलं. तो ऐकत बादली भरत राहिला. भरल्यावर ती खाली ठेवली.

"म्हणजे सप्टेंबरात माझं कोपर चांगलं होतं."

"चांगलं होतं."

"हात वर येत होता."

"दरवेळी. त्याच जागी. बावीस वर्षांत इतका सारखा येणारा हात मी पाहिला नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मी कधी असे पाहिले नव्हते. कोपर नव्हे, काहीतरी दुसरंच पहिल्यांदा कळल्यासारखे. "तुम्ही मला किती मार्क दिले होते? कॉलेजात, पहिल्या दिवशी."

"पंचावन्न."

"आणि होते किती?"

जवळपास कोणी गिऱ्हाईक नव्हतं. कोणाला काही विकायचं नव्हतं, कोणाकडून काही घ्यायचं नव्हतं. तरी तो आकडा तोंडाबाहेर यायला मला किती वेळ लागला ते मलाच माहीत.

"सत्तर," मी म्हणालो.

त्याने खाली वाकून बादली उचलली, त्याच उजव्या हाताने.

"चार वर्षं मी दर महिन्याला फोन करून विचारत होतो, मिस्टर डी," तो म्हणाला. "एकदा तरी म्हणायचंत."